चादर कोणी धुतली?

महोदय,

ग्राहक हक्क दिनाचा आपला अग्रलेख वाचला. जॉन केनेडी यांनी १५ मार्च १९६२ रोजी अमेरिकी काँग्रेसला पाठवलेल्या संदेशातले चार हक्क (सुरक्षितता, माहिती, निवड, आणि आपले म्हणणे ऐकले जाणे) त्यात नेमके आले आहेत. अडखळले ते 'ग्राहकाच्या हाती वस्तूचा प्रवास संपतो' या वाक्याशी. ३१ वर्षे अर्थशास्त्र शिकवताना मीही फळ्यावर हेच काढत आले: एक चौकोन उत्पादकांचा, दुसरा कुटुंबांचा. पहिल्यात माल तयार होतो, दुसऱ्यात संपतो.

गेल्या महिन्यात आमचे वॉशिंग मशीन बंद पडले. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या; दिवसाला तीन चादरी ठरलेल्या. कंपनीला फोन केला तर पलीकडच्या मुलीचा पहिला प्रश्न, "वापर घरगुती की व्यावसायिक?" घरगुती म्हटले. माणूस अकराव्या दिवशी आला. तोवर चादरीचे एक टोक नळाला गुंडाळून दुसरे मी पिळत होते आणि डोक्यात माझेच जुने तास घोळत होते. हेच मशीन लाँड्रीवाल्याने घेतले तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात ती भांडवली गुंतवणूक. मी घेतले तर उपभोग खर्च. त्याने धुतलेली चादर उत्पन्नात धरतात, मी धुतलेली नाही. बरे, घर मालकीचे असेल तर न दिलेले भाडेसुद्धा अंदाजाने काढून उत्पन्नात मिळवतात! म्हणजे भिंतींची कमाई मांडली जाते, आत राबणारीची नाही.

हे कुणाला सुचलेच नव्हते असे नाही. जे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येते ते उत्पादनच, ही कसोटी अर्थतज्ज्ञ मार्गारेट रीड यांनी १९३४ मध्येच दिली होती. दुसरे अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६५ मध्ये कुटुंबाकडे छोट्या कारखान्यासारखे पाहिले. ही दोन्ही नावे मी वर्गात क्वचितच घेतली. परीक्षेत येत नसत ना!

म्हणून विनंती एवढीच, की पुढच्या वेळी हक्कांबद्दल लिहाल तेव्हा खरेदीच्या पावतीपाशी थांबू नका. वस्तू घरात आल्यावर तिच्यावर काय काम चालते, आणि ती बंद पडली की ते कोणाच्या मनगटावर येते, तेही लिहा.

मशीन आता चालू आहे. दुरुस्तीच्या कागदावर माझ्या नावापुढे छापले आहे: 'अंतिम वापरकर्ता'. आजची दुसरी चादर आत फिरते आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका