हत्तीच्या पावलाला सुतळी लावायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका म्हणालात, म्हणून नुसतं ताई. आभार मात्र चारचौघांत मानतो, कारण आवाज चढवला होता तोही चारचौघांतच.

कोथरूडच्या त्या तुमच्या हत्तींवरच्या व्याख्यानात मी मध्येच उठून म्हणालो होतो, "पुण्यात बसून हत्ती वाचवा म्हणायला काय जातंय?" आदल्या रात्री दोडामार्गहून दादाचा फोन आला होता. अकरा कवाथे एका रात्रीत गेले. सहा वर्षं पाणी घालून वाढवलेले माड हत्तीने लोळवले, आतला गाभा खाल्ला, उरलेलं तिथंच टाकून गेला. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती आमच्याकडे येताहेत, पण आमच्या बागेत पहिल्यांदाच.

तुम्ही वाद घातला नाहीत. नंतर चहाचा कप हातात देऊन विचारलंत, "एकटा होता की कळप?" हे मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. पंचनाम्यात 'झाडे पडली' एवढंच होतं.

मग तुम्ही दादाला फोनवरून सांगितलंत: पुढच्या पायाच्या ठशाभोवती सुतळी फिरवा, भरेल त्याच्या दुप्पट ती खांद्यापर्यंतची उंची. दादा आधी कुरकुरला, "आता ह्यांच काम ऱ्हवलेलां!" पण चिखलात बसून मोजलंन. सव्वाचार फूट. म्हणजे साडेआठ फूट उंच, बहुधा नर. हत्तींचे अभ्यासक रामन सुकुमारांनी १९८०च्या दशकात तमिळनाडू-कर्नाटक सीमेवर हेच दाखवलं होतं, असं तुम्ही म्हणालात: पिकात घुसण्यात नर हे माद्या-पिल्लांच्या कळपाच्या कितीतरी पुढे, आणि रानगवतापेक्षा नाचणीत प्रथिनं आणि सोडियम जास्त, म्हणून धोका पत्करूनही येतात. दादाला हे लगेच पटलं. त्याची गुरंही मिठासाठी हात चाटतात.

लेंडीवरून हत्ती मोजतात, याचं मात्र त्याला हसू आवरेना. देशभरातून २१,०५६ नमुने गोळा करून, त्यातल्या डीएनएवरून एकेक हत्ती ओळखून २०२५ मध्ये २२,४४६ हा अंदाज काढला. २०१७च्या गणनेत २७,३१२ होते, म्हणजे पाच हजार गेले का, असं मी घाईने विचारलं. तुम्ही म्हणालात, मोजायची रीतच बदलली, वजाबाकी करू नका. तीस वर्षं बँकेत वजाबाक्या केलेल्या माणसाला हे गिळायला वेळ लागला.

तुमच्यामुळेच कळलं की पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद, हत्तींच्या वैद्यकावरचा जुना संस्कृत ग्रंथ, १८९४ साली आपल्या पुण्यातच, आनंदाश्रम संस्थेने छापला. तिच्याजवळच्या अप्पा बळवंत चौकातून मी जन्मभर गेलो, पत्ता नव्हता. दादाला सांगितलं तर म्हणाला, त्यात हत्तीची औषधं असतील, माडाची आहेत का बघ.

केनियातले हत्ती एकमेकांना नावासारख्या हाका मारतात, हे २०२४चं संशोधनही मी त्याला वाचून दाखवलं. "आम्हीपण त्याला रोज नावं ठेवतो," म्हणाला.

यंदा त्याने फणस पिकायच्या आधीच उतरवले, वासाने हत्ती येतो म्हणून. वहीत तारीख, वेळ, ठशाचं माप आणि पट्टी ठेवून काढलेला फोटो, सगळं आहे. नव्या पंचनाम्याला ती वही जोडली, भरपाई अजून यायची आहे.

दादाने तुमच्यासाठी आमसुलं पाठवलीत. डबा माझ्याकडे आहे, रविवारी या. येताना सुतळी नको, घरात दोन गुंड्या आहेत.