सोफे नकोत, गाद्या हव्यात (कॅनडात मिसिसागाला आलेल्या अफगाण निर्वासित कुटुंबासाठी आवाहन)

नमस्कार मंडळी,

मागे एकदा टाकलं होतं पण न्यू इयरच्या फोटोंखाली कुठेतरी गेलं ते, म्हणून परत लिहितेय, आणि यावेळी सविस्तर.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपण ज्यांना एअरपोर्टवर आणायला गेलो होतो ते कुटुंब आता मिसिसागात एका बेसमेंटमध्ये राहतंय. सहा जण आहेत, नवरा-बायको, तीन मुलं आणि आजी जिला घरात सगळे बीबी म्हणतात. मूळचे काबूलचे. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान आल्यावर तिथे राहणं कठीण झालं, मग पाकिस्तानात पेशावरला तीन वर्षं काढली, आणि 2023 च्या नोव्हेंबरपासून पाकिस्तानने अफगाण लोकांना परत पाठवायला सुरुवात केल्यावर रोज दारावर थाप पडली की घाबरायचं. नावं मुद्दाम देत नाही, मागे नातेवाईक आहेत त्यांचे.

आता थोडं नियमांचं, कारण बरेच जण विचारतात. आपल्या मंडळातल्या आम्ही पाच जणांनी ‘ग्रुप ऑफ फाइव्ह’ म्हणून, म्हणजे निर्वासित कुटुंबाची जबाबदारी घेणारे पाच जण म्हणून, कॅनडा सरकारकडे सही केलीय, की 12 महिने यांचं भाडं, जेवणखाण, कपडेलत्ते आणि इथे रुळायला लागेल ती मदत आमच्याकडे. असे नवे अर्ज घेणं नोव्हेंबर 2024 मध्ये बंद केलं सरकारने, आपला त्याआधी गेला होता म्हणून निभावलं. तर सही केलीय म्हणजे जबाबदारी आमचीच, पण पाचातल्या एकाची नोकरी गेली, आणि भाडं धरलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त पडलं. क्रेडिट हिस्टरी नाही, जॉब लेटर नाही म्हटल्यावर कोण घर देतंय! एका घरमालकाने तर फोनवर हो म्हणून नावं कळल्यावर ‘गेलं घर’ सांगितलं. शेवटी हे बेसमेंट मिळालं पण जिना उभा आहे आणि बीबीचे गुडघे कामातून गेलेत.

हिशोब सरळ आहे. महिन्याला 900 डॉलर कमी पडतायत, जानेवारी ते सप्टेंबर नऊ महिने, म्हणजे 8,100. तीस घरांनी महिन्याला 30 डॉलर दिले तरी भागतं. ई-ट्रान्सफर आपल्या नेहमीच्या खजिनदारांना करा, मेसेजमध्ये ‘बेसमेंट’ लिहा म्हणजे पिकनिकच्या पैशात मिसळणार नाही. आपण रजिस्टर्ड चॅरिटी नाही त्यामुळे टॅक्सची पावती मिळणार नाही, आधीच सांगते, नंतर रुसू नका. आणि हो, विमानाचं तिकीट सरकारने फुकट दिलेलं नाही, ते कर्ज आहे, बिनव्याजी असलं तरी त्यांनाच फेडायचंय.

वस्तूंचं म्हणाल तर कृपा करून सोफे नकोत. चार सोफ्यांचे फोटो आले मला. त्यांची पद्धत खाली बसायची, भिंतीकडेने गाद्या आणि लोड, मध्ये चहाचा थर्मास. अहो आपली भारतीय बैठकच की! जाड फोमच्या गाद्या कुणाकडे असतील तर सांगा, व्हॅन मी आणते. स्नो बूट हवेत, बायकांचे 7 आणि लहान मुलाचे 11 नंबर. फाटकी चेन असलेली जॅकेटं देऊ नका, मागच्या खेपेला तीन आली, ती मलाच टाकायला जावं लागलं. खाऊ देताना हलाल बघा, मार्शमेलो आणि जेलीत जिलेटिन असतं. शंका असेल तर आपल्या राजापूरच्या काकूंना विचारा, त्या कोकणी मुसलमान, पहिल्या आठवड्यात सगळं किचन त्यांनीच लावून दिलं. 2026 चा रमजान 18-19 फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतोय, त्याआधी एक मोठा पातेल्यांचा सेट मिळाला तर फार बरं.

एक गंमत सांगते. दुसऱ्या दिवशी बीबी काहीतरी मागत होत्या आणि कुणाला कळेना, सून लाजून बोलेना. शेवटी हाताने खूण केली आणि मी हसायलाच लागले, टमरेल हो! इथे कुठे मिळणार, मग डॉलर शॉपमधून झाडांना पाणी घालायची छोटी झारी आणली. आपल्यापैकी किती घरांत तीच झारी आहे ते मला माहितीये 😄

पैशापेक्षा मला खरं तर तुमचे तास हवेत. पेशावरमुळे सगळ्यांना उर्दू येतं, म्हणजे आपलं हिंदी चालतं, तोडकंमोडकं असलं तरी. मोठी मुलगी 16 ची, सहावी झाली आणि शाळा बंद, तालिबानने मुलींना पुढे शिकूच दिलं नाही, पेशावरला कागद नव्हते. आता हायस्कूलमध्ये ईएलडीच्या (इंग्रजी लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या) वर्गात आहे, मध्येच शाळा सुटलेल्या मुलांसाठीच असतो तो. पण गणितात अपूर्णांकांवर अडते. शनिवारी दोन तास कुणी बसेल का तिच्याबरोबर? वडील काबूलमध्ये वायरमन होते, इथे लायसन्सशिवाय ते काम करता येत नाही, म्हणून सध्या वेअरहाऊसची शिफ्ट शोधतोय. हात मात्र सोन्याचा आहे, माझा पुण्याहून आणलेला मिक्सर वीस मिनिटांत उघडून नीट केला आणि चहाशिवाय काही घेतलं नाही. लायसन्सची प्रोसेस माहीत असलेलं कुणी असेल तर मला मेसेज करा.

‘आपल्या मंडळाने आपल्या लोकांचं बघावं’ असंही एकाने लिहिलंय. ठीक आहे, ज्यांना द्यायचं नाही त्यांनी देऊ नका, पण शनिवारच्या गणितासाठी मला एक माणूस द्या. बीबीच्या गुडघ्याची अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारी सकाळी 10 ला आहे, माझी गाडी गॅरेजला, तर कुणाची येईल ते उद्या रात्रीपर्यंत कळवा.