कबरीवरची अक्षरं टिकायला हवीत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

वडिलांच्या कबरीवर आम्ही 1989 साली हौसेने पांढरा संगमरवर बसवला होता. यंदा ईस्टरच्या पहाटे नातीला घेऊन दफनभूमीत गेले, तर तिला पणजोबांचं नाव वाचता येईना. तारखेतला आकडा 8 की 3, मलाही सांगता आलं नाही. दगडावरून बोट फिरवलं तर साखरेसारखे बारीक कण हाताला लागले. पोटात कालवलं.

संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि नाशिकचा पावसाळा चार महिने त्यावर पडतो. अक्षरांच्या कडा विरघळत जातात. म्हणून नव्या दगडासाठी आम्ही ग्रॅनाइट निवडला. त्यात क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही कठीण खनिजं असतात. कठीणपणा मोजायच्या 1 ते 10 च्या मोहस् मापावर ग्रॅनाइट 6 ते 7, संगमरवर जेमतेम 3. झिलई केलेला ग्रॅनाइट पाणी फारसं शोषत नाही, त्यामुळे शेवाळ मुरत नाही, ओल्या फडक्याने निघतं. आपला काळा पाषाणही टिकाऊच, पण त्यात बऱ्याचदा छिद्रं असतात, लहान अक्षरं सुबक उठत नाहीत.

मात्र कारागिराला अक्षरं खोल कोरायला सांगा. नुसता रंग उडतो, खाच राहते. आणि जुन्या संगमरवरावर फरशीचं ॲसिड कृपा करून ओतू नका! आमच्याकडे कुणीतरी ते केलं होतं.

वडिलांचा जुना दगड आम्ही टाकणार नाही. नव्या ग्रॅनाइटच्या पायथ्याशी तोच आडवा ठेवणार आहोत.

– एक निवृत्त शिक्षिका, शरणपूर रोड, नाशिक