खानावळीची वही कुणाला हवी आहे का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला गिरणगावावरचा लेख वाचला. चांगला आहे, कावसजी दावरांनी 1854 ला काढलेली मुंबईतली पहिली कापड मिल, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडेंमुळे 1890 मध्ये गिरणी कामगारांना मिळालेली रविवारची सुट्टी, दत्ता सामंतांचा संप, सगळं आलंय. पण तीन पाळ्यांत राबणारी ही माणसं जेवायची कुठे, हा प्रश्नच लेखात नाही. (लेखक पुरुषच असणार, इति आमच्या सौ.)

माझी आजी लालबागला खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे बोर्ड-बिर्ड काही नाही हां, दहा बाय बाराची खोली, त्यातच आमचं बिऱ्हाड आणि त्यातच महिन्याच्या हिशोबावर वीस-पंचवीस माणसं जेवून जायची. कोकणातल्यांना भात हवा, घाटावरच्यांना भाकरी, म्हणून दोन्ही करायचं, आणि पहिल्या पाळीचे डबे भोंग्याच्या आधी तयार पाहिजेत म्हणजे आजी तीनला उठलेली. एवढी गिऱ्हाइकं यायची कारण बायका-पोरं गावी शेती बघत असायची. बदली कामगाराला आज काम आहे, उद्या मिल-गेटवरून परत, मग त्या भरवशावर मुंबईत संसार कोण मांडणार? 1921 च्या जनगणनेत मुंबईत पुरुषांच्या जेमतेम निम्म्या बायका होत्या, त्याचं कारण हेच. ही माणसं राहायची गावकीच्या खोलीत, म्हणजे एकाच गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या. भाडं वर्गणी काढून, भिंतीला ट्रंका, एक पाळी कामावर गेली की त्याच जागेवर दुसरीची वळकटी. गावाहून नवा पोरगा आला की त्याला आधी खोलीत घ्यायचे, मग कुणीतरी जॉबरकडे (मिलमध्ये माणसं भरणारा मुकादम) शब्द टाकायचा, आणि तोवर तो जेवायचा आजीकडे, उधारीवर.

मग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले असं सगळे लिहितात, पण त्यांच्या जिवावर चालणाऱ्या चुलींचं काय झालं ते कोण लिहिणार? आजीने चार-पाच महिने जेवायला घातलं, मग वाण्याने तिचीच उधारी बंद केली. माणसं एकेक करून गावाला गेली, जाताना सगळे "काकी, मिल चालू झाली की पहिले तुमचे देतो" म्हणाले, आणि खोटं बोलत नव्हते हो, मिलच चालू झाली नाही. प्रेमा पुरवांनी 1975 मध्ये खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं, बँकेची कर्जं मिळवून दिली होती, पण आजी त्यात गेली नाही. कर्ज म्हटलं की घाबरायची.

तिची उधारीची वही अजून माझ्याकडे आहे. आजीला लिहिता येत नव्हतं, ती सांगायची आणि शाळकरी असलेला मी लिहायचो, त्यामुळे आडनावं कमी आणि "देवगडवाला उंच", "रात्रपाळी साचेवाला" असलंच जास्त. काळाचौकीच्या टेक्स्टाईल म्युझियममध्ये यंत्रांसोबत असलं काही ठेवतील का, आणि द्यायचं तर कुणाकडे द्यायचं, हे तुमच्या वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर कृपया छापा. वाळवी लागायच्या आत दिलेली बरी.

आपला,
एक वाचक, डोंबिवली