गुणांक ठरवताना खेळाडूंमधल्या तफावतीचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एका काल्पनिक पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या भूमिका-खेळांची ओळख करून देणारा लेख वाचून आनंद झाला. मराठी वर्तमानपत्रात या खेळाला जागा मिळणे ही गोष्ट तो खेळवणाऱ्यांना मोलाची वाटते. मात्र पात्र तयार करण्याविषयी लेखात एकच वाक्य होते: सहा बाजूंचे चार फासे टाका, सर्वांत लहान आकडा सोडा, उरलेल्या तिन्हींची बेरीज करा आणि हेच सहा वेळा करून बळ, चपळाई, दमसास, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव हे सहा गुणांक मांडा. नव्या गटांत रुसवेफुगवे सुरू होतात ते बहुधा याच पायरीपासून, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

मी निवृत्त गणित शिक्षक आहे. राजारामपुरीत आमच्या माडीवर शनिवार-रविवारी शेजारपाजारची मुले हा खेळ खेळतात आणि जुलैमध्ये पंचगंगा इशारा पातळीकडे सरकून शाळांना सुट्टी मिळाली की रोजच जमतात. खेळ चालवण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे पहिल्या दिवशी पडलेले दान पुढे महिनोन्‌महिने कसे जाणवत राहते, हे मला जवळून दिसते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रत्येक गुणांकासाठी तीन फासे टाकायचे आणि पडेल ते दान ठरलेल्या क्रमानेच स्वीकारायचे, असा नियम होता. इतकेच काय, हे फासे खेळ चालवणाऱ्याने टाकायचे असे त्या पुस्तिकेत लिहिलेले आहे. आज हे कठोर वाटेल, पण त्या वेळी गुणांकांवर फारसे काही अवलंबून नसे. लढवय्याचे बळ १८ असले तरी त्याचा मुख्य लाभ अनुभवाचे गुण (ज्यांच्या जोरावर पात्र वरच्या पातळीला जाते) थोडे अधिक मिळण्यापुरता होता. तलवारीच्या वाराला त्यातून काही मिळत नसे. पुढे १९७९ मध्ये खेळ चालवणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक ग्रंथात गायगॅक्स यांनी चार पद्धती दिल्या, त्यांतली पहिली म्हणजेच आपल्या लेखातली चार फाशांची. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने सहाही गुणांकांना एकच कोष्टक लावले: १० किंवा ११ असेल तर फाशाच्या दानात भर शून्य, त्याच्या वर दर दोन अंकांमागे एक अधिक आणि खाली दर दोन अंकांमागे एक वजा. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक वेळी वीस बाजूंचा फासा टाकला की त्यात कोणत्या ना कोणत्या गुणांकाची या कोष्टकातली भर पडते. नियम असे बदलल्यावर गुणांक ठरवण्याच्या जुन्या पद्धतीकडेही नव्याने पाहायला हवे होते, असे माझे मत आहे.

चार फाशांच्या पद्धतीची शिफारस करणारे बहुतेक जण सरासरी सांगतात. तीन फाशांची सरासरी १०.५ असते, चारांतला लहान आकडा सोडला की ती सुमारे १२.२४ होते, १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये १ असते, ती १२९६ मध्ये २१ होते. हे सगळे खरे आहे. परंतु टेबलाशी बसलेले मूल सरासरीशी खेळत नसते, ते शेजारच्या मुलाबरोबर खेळत असते. सहा गुणांकांची बेरीज घेऊन कोणत्याही दोन खेळाडूंमध्ये किती अंतर पडेल याचा हिशेब केला, तर तीन फाशांच्या पद्धतीत ते सरासरी ८.२ येते आणि चार फाशांच्या पद्धतीत ७.९. म्हणजे सगळेच थोडे वर सरकतात, पण दोघांमधले अंतर जवळपास होते तेवढेच राहते. पाच जण खेळत असतील, तर सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या बेरजेत सरासरी १६ चे अंतर अपेक्षित असते. ही पद्धत उदार म्हणून सांगितली जाते, आणि तिची उदारता इथे काहीच कामाची नाही.

आमच्याकडे एका मुलीला जादूगार व्हायचे होते. तिच्या सहा दानांत सर्वांत मोठे १३ पडले. शेजारच्या मुलाला १७ आणि दोनदा १६ पडले. “काका, परत टाकू काय?” असे तिने हळूच विचारले, तोवर बाकीच्यांनी “एकदा पडलं ते पडलं!” म्हणून गलका केला. तिने बुद्धीला १३ लिहिले, म्हणजे भर एकाची. मुलाच्या लढवय्याला बळाची भर तिनाची. वीस बाजूंच्या फाशावर दोनाचा फरक म्हणजे शंभरात दहा वेळा तिचा मंत्र चुकणार आणि त्याचा वार लागणार. पात्र चौथ्या पातळीला पोचले की गुणांक वाढवायला मिळणारे दोन गुण दोघांनाही मिळतात, त्यामुळे खेळ पुढे गेला तरी हे अंतर आपोआप भरून निघत नाही. काही आठवड्यांनी तिच्या कागदावरचा बुद्धीचा चौकोन खोडरबराने विरलेला दिसला. तिथे ती पुनःपुन्हा १५ लिहून पाहत होती. २००० च्या नियमांत सर्वांत मोठा गुणांक १३ किंवा त्याहून कमी असेल तर सगळे फासे पुन्हा टाकण्याची मुभा होती. ती मुभा योग्यच होती, पण तिने खालचा वर येतो, वरच्याशी असलेले अंतर मिटेलच असे नाही.

यावरचा सर्वज्ञात उपाय म्हणजे पॉइंट बाय. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत प्रत्येकाला २७ गुण मिळतात आणि ८ ते १५ पर्यंतचे गुणांक ठरलेल्या किमतीने विकत घेता येतात. फासे अजिबात नको असतील तर १५, १४, १३, १२, १०, ८ हा ठरावीक संचही आहे, ज्याची किंमत बरोबर २७ भरते. ‘गर्प्स’सारख्या खेळाने तर १९८६ मध्येच सगळे पात्र गुणांच्या खरेदीवर उभे केले होते. समानतेच्या दृष्टीने यात बोट ठेवायला जागा नाही. तरीही मुलांबरोबर ही पद्धत मला पटत नाही, कारण हिशेबात हुशार असलेले मूल लगेच तीन १५ आणि तीन ८ असे गणित मांडते, इतर त्याचे पाहून तेच लिहितात, आणि आपल्याला कोण मिळाले हे उलगडण्याची उत्सुकता सगळ्यांचीच संपते.

म्हणून मी पत्त्यांची पद्धत सुचवतो. इस्पिक, बदाम आणि किलवर यांची दोनपासून सहापर्यंतची पाने घ्यावीत, म्हणजे १५ पाने झाली. त्यांत चौकटची तीन, चार आणि पाच ही पाने घालावीत. या १८ पानांची बेरीज ७२ होते आणि वर दिलेल्या ठरावीक संचाची बेरीजही ७२च आहे. पाने पिसून तीन-तीनचे सहा ढीग लावावेत आणि प्रत्येक ढिगाची बेरीज हा एक गुणांक मानावा. सर्वांत कमी ६ आणि सर्वांत जास्त १८ येऊ शकतो, पण एका ढिगात भारी पाने गेली की दुसऱ्यात ती नसतात, त्यामुळे प्रत्येकाची बेरीज ७२च राहते. तिन्ही छक्क्या एकाच ढिगात येऊन १८ पडण्याचा योग १३६ वाटपांत एकदा येतो, आणि तो आला की सारी माडी दणाणते.

अगदी लहान मुले असतील तर याहून सोपी वाट आहे. प्रत्येकाने आळीपाळीने चार फासे टाकून एक-एक आकडा मिळवावा, सहा आकडे झाले की तोच संच सगळ्यांनी वापरावा. फासे हातात घेण्याचा आनंद सर्वांना मिळतो आणि कमी-जास्त कोणीच राहत नाही.

आपण या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा या दोन पद्धतींचा उल्लेख करावा, ही विनंती. पत्ते वापरणाऱ्यांनी पाने वाटण्याआधीच ठरवावे की ढीग गुणांकांच्या क्रमाने लावायचे की बेरजा हव्या तिथे मांडायच्या. क्रमाने लावले तर १९७४ च्या खेळासारखी अनपेक्षित पात्रे हाती येतात आणि मुरलेल्या खेळाडूंना त्यात गोडी वाटते. पहिल्यांदा खेळणाऱ्या मुलीला मात्र जादूगार व्हायचे असेल, तर सर्वांत मोठी बेरीज तिला बुद्धीपुढे लिहू द्यावी.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक,
राजारामपुरी, कोल्हापूर