कारण न विचारल्याबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आपण आपल्या विभागात सणांच्या दिवसांसाठी जी व्यवस्था लावून दिली, तिच्याबद्दल आपले मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवले आहे, कारण ही व्यवस्था कोणत्याही कार्यालयात होण्याजोगी आहे आणि तिला खर्च लागत नाही.

सण दुसऱ्यांचा असला की देवधर्म न मानणाऱ्या माणसाने एक तर सर्वांबरोबर हात जोडून उभे राहावे, नाहीतर आपण का जोडत नाही याचा खुलासा करावा, अशी अपेक्षा असते. त्यातला खुलासा अधिक जड जातो. कितीही सौम्य शब्दांत केला तरी ऐन आनंदाच्या दिवशी तो समोरच्याला आपल्या श्रद्धेवरची टीकाच वाटतो. अल्पसंख्य धर्माच्या सहकाऱ्यांची अडचण याहून नाजूक असते, कारण दुसऱ्याच्या प्रार्थनेत सामील होणे हा त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेचा भंग ठरू शकतो.

आपल्या सूचनापत्रात प्रार्थना चार वाजता आणि भोजन पाच वाजता असे स्वतंत्र लिहिले होते, आणि खाली एक ओळ होती: 'ज्यांना ज्या वेळी यायचे असेल त्यांनी त्या वेळी यावे.' वर्गणीही दोन्हींची वेगळी ठेवली होती. मी पाच वाजता आले, तेव्हा आपण शेजारची खुर्ची पुढे ओढून दिलीत आणि माझ्या आईच्या प्रकृतीची चौकशी केलीत. चार वाजता मी कुठे होते, हे आपण विचारले नाही, आणि आपण विचारले नाही म्हणून इतर कोणीही विचारले नाही.

आपण स्वतः श्रद्धाळू आहात, आणि मला वाटते, म्हणूनच आपल्याला हे सुचले. जिला प्रार्थनेचे मोल आहे, तिला केवळ शिष्टाचारापोटी जोडलेले हात नकोसे वाटणारच.

पाळ्यांचे वेळापत्रक करतानाही आपण असाच विचार केलात. निव्वळ चांद्र कालगणनेचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने त्यानुसार येणारे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि छापील सुट्ट्यांच्या यादीशी त्यांचा मेळ बसेलच असे नाही. शिवाय चंद्रदर्शनावर अवलंबून असलेला दिवस कधी कधी आदल्या संध्याकाळपर्यंत निश्चित होत नाही. अशी रजा एक दिवस पुढेमागे करण्याची मुभा आपण आधीच लिहून दिलीत, त्यामुळे संबंधित सहकाऱ्यांना ऐनवेळी विनवण्या कराव्या लागल्या नाहीत. 'तुम्हाला कुठे सण असतात' असे म्हणून प्रत्येक सणाची पाळी नास्तिकांच्या माथी मारण्याची जी सर्रास पद्धत आहे, तीही आपण मोडलीत. माझ्या वडिलांचा स्मृतिदिन मी कोणत्याही विधीविना पाळते. तो आपण इतरांच्या सणांइतकाच महत्त्वाचा मानून वेळापत्रकात नोंदवलात.

विचार, विवेक आणि धर्म यांच्या स्वातंत्र्याचा हक्क १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यातील अठराव्या कलमात आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील त्याच क्रमांकाच्या कलमाचा अर्थ स्पष्ट करताना संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९३ मध्ये नमूद केले की, निरीश्वरवादी मते आणि कोणताही धर्म न मानण्याचा हक्क यांनाही हे संरक्षण लागू आहे. मात्र सणाच्या दुपारी, सर्वजण उठून प्रार्थनेच्या खोलीकडे निघालेले असताना, जागेवर बसून राहणाऱ्याला कलमाचा क्रमांक सांगून मोकळे वाटत नाही. सूचनापत्रातल्या आपल्या त्या एका ओळीने मला ते वाटले.

पुढच्या महिन्यात आपला मोठा सण आहे. त्या दिवशी आपण नेहमीप्रमाणे दुपारनंतर कामावर येऊ नये, पूर्ण दिवस घरच्यांसोबत घालवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्या दिवसाच्या पाळीपुढे मी स्वखुशीने माझे नाव लिहिले आहे. आपली संमती तेवढी हवी.

आपली नम्र,
विभागातील एक सहकारी