वेशभूषा ही नुसती सजावट नव्हे

नट भूमिका कशा निवडतात, यावरचा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. संहिता, दिग्दर्शक, मानधन यांची चर्चा नेमकी आहे; पण वेशभूषेला ‘बाह्य सजावट’ म्हणून एका ओळीत निकालात काढले, ते पटले नाही. १९१४ मध्ये चार्ली चॅप्लिनने ढगळ पँट, तंग कोट, लहानशी हॅट आणि मोठाले बूट चढवले, तोवर त्याच्या ‘भटक्या’ या पडद्यावरच्या पात्राला स्वभावच नव्हता. कपडे आणि रंगभूषा झाल्यावरच हा माणूस कोण ते जाणवले, असे त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे.

हौशी नाटकात मीही हे अनुभवले. म्हाताऱ्या कारकुनाची भूमिका महिनाभर चपलांवरच बसवत होतो. रंगीत तालमीला एक नंबर लहान बूट मिळाले (ते उसने होते, त्यात दिग्दर्शकाची काही योजना नव्हती!) आणि पावले आपसूक आखडली, वाक्येही तुटक येऊ लागली. महिनाभर शोधत होतो तो म्हातारा त्या बुटांत सापडला, पण प्रयोग दोन दिवसांवर आला होता. होकार देण्याआधी नटाने संहितेसोबत वेशभूषेची रेखाटनेही मागावीत आणि निदान पादत्राणे तरी पहिल्या तालमीपासून वापरावीत.

– एक हौशी रंगकर्मी